साहेबांचं दार उघडंच होतं

पुण्यातल्या एका कंपनीत एचआर विभागात काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: “मी स्वतःला लिबरल समजते. जातपात मानत नाही, बोलण्याचं स्वातंत्र्य मानते, कामगारांना माणुसकीने वागवावं असंही मानते. तरी माझा एक समाजवादी मित्र म्हणतो की तू मूळ प्रश्नापर्यंत पोचतच नाहीस. हा फरक पुस्तकी आहे, की युनियनचं काम करताना खरंच जाणवतो? आणि आता सगळे कॉन्ट्रॅक्टवर नाहीतर ॲपवर असताना युनियनला काही अर्थ उरलाय का?”

ताई, फरक पुस्तकी नाही. मी पस्तीस वर्षं पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात युनियनचं काम करतोय. पहिली सहा वर्षं स्वतः लेथवर होतो, मग पूर्णवेळ. मागणीपत्रं लिहिली, वेतन करार केले, लेबर ऑफिसच्या बाकांवर आयुष्याचा बराच भाग बसून काढला. तेव्हा व्याख्यांपासून सुरुवात न करता एका साहेबापासून करतो. तुमच्याच खात्यातले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. पत्र्याचे सुटे भाग बनवणारं प्रेस शॉप. पर्मनंट कामगार शंभरेक; ट्रेनी, टेम्पररी आणि ठेकेदाराची पोरं मिळून त्याच्या दुप्पट. पर्सोनेल मॅनेजर वाचणारा माणूस होता. कॅन्टीनशेजारी त्याने वाचनालय काढलं होतं. एका सुपरवायझरने एका मुलाला जातीवरून शिवी दिली, तर त्या सुपरवायझरला त्याने आठवड्यात घरी बसवलं. कामगाराच्या लग्नाला जायचा, पंगतीत मांडी घालून जेवायचा. तुम्हाला आवडला असता. मलाही आवडायचा.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. त्या शॉपमध्ये एका बटणाला चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. मग एका हाताने माल सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं आणि दिवसाचा आकडा वाढवायचा. आकडा कागदावर होता, चिकटपट्टी कुठल्याच कागदावर नव्हती. एका बावीस वर्षांच्या ट्रेनीची दोन बोटं गेली. साहेबांनी त्याला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि रात्री बारापर्यंत तिथेच बसून राहिले. हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळीसेक पोरं मिळून त्यांच्या केबिनवर गेली. साहेब दारात आले आणि म्हणाले, “माझं दार सगळ्यांना उघडं आहे. पण एकेकटे या. असा घोळका करून आलात तर मी बोलणार नाही.”

पोरं एकेकटी गेली. प्रत्येकाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, पंधरा मिनिटं मिळाली. एकाला पर्मनंटचं बघू म्हणाले, एकाच्या बहिणीच्या लग्नासाठी उचल मंजूर केली, एकाला रात्रपाळीतून काढतो म्हणाले. संध्याकाळी टपरीवर सगळ्यांनी आपापलं सांगितलं तेव्हा कळलं की चाळीस जणांना चाळीस उत्तरं मिळाली होती आणि चिकटपट्टी जागच्या जागी होती. कारण चिकटपट्टी हा एकट्याचा प्रश्नच नव्हता. तो लाइनच्या वेगाचा प्रश्न होता, आणि लाइनचा वेग ठरवण्याबद्दल बोलायला एकटा माणूस त्या केबिनमध्ये जाऊच शकत नव्हता. एकट्याने म्हटलं ‘मी पट्टी काढतो’, तर त्याचा आकडा पडणार आणि सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळणार. ‘ब्रेक’ तुम्हाला माहीत असेलच: सलग २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, ते भरू नयेत म्हणून आधीच माणूस काढायचा आणि पंधरा दिवसांनी नव्या नावाने घ्यायचा.

तुमचा मित्र म्हणतो तो ‘मूळ प्रश्न’ मला त्या दारात दिसतो. साहेब लबाड नव्हते. त्यांच्या डोक्यातलं एकक माणूस होतं, एकेकटा माणूस. त्याचा हक्क, त्याची लायकी, त्याची तक्रार, त्याचा करार. उदारमतवादाची सगळी ताकद या एककात आहे. जातीने, धर्माने, गावाने, भावकीने माणसाला जखडून ठेवलेलं असताना ‘तू तू आहेस’ हे त्याला सांगणं केवढी मोठी गोष्ट होती! आगरकरांनी त्यासाठी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. ते मी कधीच हलकं लेखणार नाही. पण तोच विचार कारखान्याच्या गेटशी येतो तेव्हा तो असं धरून चालतो की आत येणारा कामगार आणि कंपनी हे दोन स्वतंत्र, समान पक्ष आहेत आणि त्यांनी राजीखुशीने करार केलाय. आमचा अनुभव सांगतो की तिथे करार होत नाही, फक्त सही होते. कंपनी त्या मुलाशिवाय सहा महिने चालते. तो मुलगा कंपनीशिवाय पुढच्या भाडेतारखेपर्यंत चालत नाही.

सत्ता म्हटलं की उदारमतवाद्याला सरकार दिसतं: पोलीस, सेन्सॉर, इन्कम टॅक्स. या सत्तेला लगाम घालणं हे त्याचं राजकारण. समाजवादी म्हणतो, ते सगळं खरं, पण मालकीतून येणारी सत्ता हीसुद्धा सत्ताच आहे. मुख्यमंत्री पाच वर्षांनी बदलता येतो. लघवीला किती मिनिटं जायचं हे ठरवणारा माणूस मात्र कुणाच्या मताने बसत नाही आणि कुणाच्या मताने उठतही नाही. (हल्ली सोशल मीडियावर ‘लिबरल’ म्हणजे सरकारवर टीका करणारा कुणीही, आणि त्यात समाजवादी, कम्युनिस्ट, गांधीवादी सगळे एकाच पोत्यात. तो अर्थ इथे धरत नाही.)

कायद्याचंच पाहा. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलमध्ये १९२०-२१ च्या सुमारास मोठा तंटा झाला. मद्रास लेबर युनियन १९१८ मध्ये स्थापन झाली होती आणि बी. पी. वाडिया तिचे नेते होते. मालकांनी हायकोर्टात दावा लावला की हे लोक आमच्या कामगारांना करार मोडायला चिथावतायत. कोर्टाने मालकांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. करार हाच पवित्र मानायचा म्हटलं तर न्यायाधीशाचं काही चुकलं नाही. दोघांच्या करारात तिसरा कोण लागून गेला? त्या चौकटीत युनियन म्हणजे कटच. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचं मोल यातच आहे. सात माणसांना युनियन नोंदवता आली, आणि नोंदलेल्या युनियनवर कटाचा फौजदारी खटला किंवा करार मोडायला लावल्याचा दिवाणी दावा लावायला आडकाठी आली.

आता गंमत अशी, की हा कायदा व्हावा म्हणून १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला तो नारायण मल्हार जोशींनी, आणि ते समाजवादी नव्हते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य, मवाळ, सनदशीर, अर्ज-विनंत्यांवर विश्वास असलेले. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. १९२० मध्ये आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, स्थापन झाली तेव्हापासून ते तिच्या पायाशी होते. आम्हाला तरुणपणी शिकवलं गेलं होतं की जोशी म्हणजे सरकारधार्जिणे. १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, आयटकने कामगारांविषयीच्या शाही आयोगावर, म्हणजे व्हिटली कमिशनवर, बहिष्कार टाकला. जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. ते आपल्या लोकांना घेऊन बाहेर पडले, संघटना फुटली.

दोन्ही बाजूंचं म्हणणं आजही कुठल्याही युनियनच्या कमिटीत ऐकायला मिळतं. जोशींचं म्हणणं, आयोगापुढे कामगारांची बाजू मांडायला कुणीतरी बसलं पाहिजे, नाहीतर मालकच बसतील. लाल बावट्याचं म्हणणं, ज्या सरकारने मार्चमध्येच आमच्या माणसांना मीरत कटाच्या खटल्यात उचललं, त्याच्या टेबलाशी कशाला बसायचं? मी नागपुरात असतो तर बहिष्काराच्या बाजूने हात वर केला असता. आणि परत येऊन माझी युनियन जोशींच्याच कायद्याखाली नोंदवली असती.

पण खरा फरक बहिष्काराचा नव्हता. जोशी कामगारांसाठी काम करत होते. कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनने कामगारांकडून काम करून घेतलं. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, दीडेक लाख माणसं बाहेर होती. जास्त माग एकाच विणकराच्या गळ्यात मारायचे, कमी माणसांत तेवढंच कापड काढायचं, असा मालकांचा बेत होता. त्या संपाच्या समितीत जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एकत्र बसले होते हेही विसरू नका. संपानंतर गिरण्यागिरण्यांत कमिट्या उभ्या राहिल्या. खात्यातला माणूस खात्याची तक्रार घेऊन जायचा आणि जॉबरसमोर उभा राहायचा. जॉबर म्हणजे नोकरी देणारा, काढणारा, कर्ज देणारा, खोली मिळवून देणारा, सगळं एकच. अशा माणसासमोर वकील उभा करणं वेगळं आणि दहा वर्षं त्याच्या हाताखाली वाकलेला बॉयलरवाला उभा करणं वेगळं. माझ्या लेखी समाजवाद हा याच दुसऱ्या गोष्टीत आहे. बाकी जाहीरनाम्यात काय लिहायचं ते लिहा.

याच भारत सेवक समाजातून शामराव परुळेकर आणि गोदावरी गोखले, पुढे परुळेकर, बाहेर पडले आणि १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये जाऊन लाल बावटा रोवून बसले. गोदावरीबाई त्या समाजाच्या पहिल्या स्त्री सदस्य होत्या. सेवा करताना माणूस कधीतरी त्या उंबरठ्यावर येतो जिथे दिसतं की वेठबिगारीला औषधपाण्याने उतार पडत नाही. काही जण उंबरठा ओलांडतात, काही नाही. उलटा प्रवासही होतो. मिनू मसानी १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत होते आणि १९५९ मध्ये राजाजींबरोबर समाजवादाला विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या. रशियात काय चाललंय हे पाहून त्यांचं मन उडालं.

मसानींच्या शंकेला उत्तर द्यायलाच हवं, कारण आमच्यातले बरेच जण ते टाळतात. सगळे कारखाने सरकारचे झाले तर कामगाराने संप कुणाविरुद्ध करायचा? सरकार मालक म्हणून कसं असतं हे बघायला रशियाला जायची गरज नाही. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगार संपावर गेले तेव्हा केंद्र सरकारने हजारोंनी माणसं आत टाकली आणि कुटुंबांना क्वार्टर्समधून बाहेर काढलं. कुठल्या खासगी मालकाची तेवढी ताकद होती? २०२१-२२ मध्ये एसटीचा संप पाच महिन्यांहून जास्त चालला, आणि त्यात तर कामगारांची मागणीच होती की आम्हाला सरकारात विलीन करा. म्हणजे समोर सरकारी मालक आणि मागायचं काय, तर आणखी सरकार! मी त्या दिवसांत स्वारगेटच्या डेपोबाहेर बसलेल्या कंडक्टरांशी बोललो. त्यांना राष्ट्रीयीकरण वगैरे नको होतं. त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता आणि म्हातारपणी पेन्शन.

तेव्हा ‘समाजवाद म्हणजे सरकारी मालकी’ असं समीकरण मी तरी मांडत नाही. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याने काय केलं ते गिरणगावाला विचारा. एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन, बोलणी तिच्याशीच. कागदावर हे कामगारांच्या एकीसाठी होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा कायद्याने त्यांचं प्रतिनिधित्व करत होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ज्याला कामगार मानत नव्हते त्याच्याशीच मालक बोलू शकत होते, आणि ज्याला मानत होते त्याला खुर्ची नव्हती. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, हे म्हणणं समाजवादी की उदारमतवादी? मला तर हे शंभर टक्के उदारमतवादी वाटतं, आणि गिरणी कामगार त्यासाठी उपाशी राहिला.

इथे बाबासाहेबांशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या दोन्ही विचारांना त्यांच्याइतकं अडचणीत आणणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच दलितांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला, म्हणजे मागाच्या शटलमधला, तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने कसं लावायचं! १९२८ च्या संपात ही मागणी घ्या असा आग्रह आंबेडकरांनी धरला आणि ‘जगातल्या कामगारांनो एक व्हा’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना ती घेताना जड गेली. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की तुमचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे काय, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार. भांडवलशाहीविरुद्ध बोलताना हातात उदारमतवादाचंच माप घेतलं.

त्याच वर्षी मुंबई विधानसभेत औद्योगिक तंट्यांचं विधेयक आलं. बेकायदा संपाला शिक्षा ठेवणारं, आणि आणलेलं काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने. आंबेडकरांचा युक्तिवाद असा: काम सोडणं हा फार तर करारभंग, दिवाणी बाब, त्याला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाकडून त्याच्या मर्जीविरुद्ध काम करून घेणं, आणि त्याला गुलामी म्हणतात. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा संप झाला. ज्या करार-स्वातंत्र्याच्या नावाने मद्रासच्या कोर्टाने युनियनला बांधलं होतं, तेच स्वातंत्र्य त्यांनी उलटं फिरवून मालकाच्या आणि सरकारच्या अंगावर घातलं. मी नव्या कार्यकर्त्यांचा वर्ग घेतो तेव्हा मार्क्सच्या आधी हे भाषण सांगतो. काही जुने सोबती नाराज होतात. होऊ देत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कॉन्ट्रॅक्ट आणि ॲप. लोक म्हणतात, मालकच दिसत नाही तर युनियन कुणाशी भांडणार. मी म्हणतो, हमालांना विचारा.

पुण्यातल्या भुसार बाजारात हमाल सकाळी एका आडत्याची गाडी उतरवायचा, दुपारी दुसऱ्याची भरायचा. मालक कोण? कुणीच नाही. आडत्या म्हणायचा तो माझा नोकर नाही, ट्रकवाला म्हणायचा माझा तर मुळीच नाही. करार शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि करार नाही म्हणून प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, पाठ मोडली तर भरपाई नाही. उदार मनाचा व्यापारी दिवाळीला धोतर द्यायचा. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉक्टर. पेशंटच्या पाठी आणि माना तपासता तपासता त्यांना पोत्याचं वजन दिसलं. शंभर किलोच्या पोत्याचं वजन कमी करून घ्यायला हमाल वर्षानुवर्षं भांडले. तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना जमवलं होतं. या सगळ्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला.

हा कायदा नीट बघा, कारण त्याची रचना आजही देशात क्वचित दिसते. त्याने ‘मालक कोण’ हा प्रश्न सोडूनच दिला. बोर्ड केलं, त्यात व्यापारी, हमाल आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. हमालाची नोंद बोर्डाकडे, व्यापाऱ्याचीही बोर्डाकडे. ज्याने माल उचलून घेतला त्याने मजुरी बोर्डात भरायची, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवापाणी. आज दहा दुकानांचं काम केलंत काय किंवा एकाचं, हक्क तुमच्या पाठीबरोबर फिरतो. मी पहिल्यांदा एका म्हाताऱ्या हमालाचं बोर्डाचं पुस्तक पाहिलं तेव्हा त्याने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रुमालात, असं बांधून ठेवलं होतं. सही येत नव्हती. अंगठ्याच्या ठशाशेजारी शिल्लक रक्कम लिहिलेली. ‘हे माझं सातबारा’ म्हणाला.

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला: कल्याण मंडळ, कामगारांची नोंदणी, ॲपवरच्या प्रत्येक व्यवहारावर शुल्क. मला त्यात माथाडीचीच सावली दिसते. ॲपवाला म्हणतो, हे माझे नोकर नाहीत, भागीदार आहेत, स्वतंत्र आहेत, वाटेल तेव्हा लॉग-इन करतात. आडत्याचंच वाक्य, इंग्रजीत. आणि डिलिव्हरीच्या पोरालाही तक्रार करायची तर ॲपमध्ये चॅटचं खिडकीएवढं दार असतं, तेही एकट्यापुरतं.

माथाडी बोर्डांत पुढे काय काय शिरलं ते मला माहीत आहे. हमालीच्या नावाने गेटवर पावती फाडणाऱ्या टोळ्या, ज्यांनी उभ्या जन्मात पोतं उचललं नाही असे ‘माथाडी नेते’, चाकणमध्ये उद्योजक ज्यांना खंडणीखोर म्हणतात ते. त्यातले काही खरोखरच खंडणीखोर आहेत. आमचा लाल किंवा कुठलाही रंग लावून ते येतात, आणि दर वेळी खऱ्या युनियनचं काम दहा वर्षं मागे जातं.

आणि स्वतःचंही सांगतो. २००० नंतरच्या एका वेतन करारात आम्ही पर्मनंट कामगारांना चांगली वाढ मिळवून दिली. गुलाल उधळला, डीजे लावला. त्या करारात एक कलम होतं की पॅकिंग आणि मटेरियल हँडलिंगची कामं कंपनी ‘सोयीनुसार’ देऊ शकेल. अर्थ आम्हाला कळला नव्हता असं नाही. पुढच्या तीन वर्षांत त्या दोन खात्यांत सगळी ठेकेदाराची मुलं आली, निम्म्याहून कमी पगारात, त्याच कॅन्टीनमध्ये पण वेगळ्या रांगेत. करार खाली ठेवताना पर्मनंटच्या प्रतिनिधींनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी सही केली. साहेब म्हणाले होते एकेकटे या. आम्ही दोन गटांत विभागून गेलो. फरक मोठा नव्हता.

त्यामुळे ‘समाजवादी चांगले, लिबरल वाईट’ असलं काही माझ्याकडे मागू नका. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, असली मागणी. त्या काळी स्वातंत्र्याच्या गोष्टी करणारी आपली बरीच वर्तमानपत्रं फॅक्टरी कायद्याच्या विरोधात होती, इंग्लंडातले लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या गिरण्या बुडवायला बघतायत म्हणून. ती भीती खोटी नव्हती. पण दुपारचा अर्धा तास कुणाला नको होता, हे त्यांनी गिरणीत जाऊन विचारलं नव्हतं. लोखंडे सत्यशोधक, समाजवादी हा शब्दही त्यांनी स्वतःला लावला नसता. रविवार १० जून १८९० ला मिळाला. तुम्ही शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागता ना, ते त्यामुळे.

नव्या कामगार संहितांबद्दल थोडक्यात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कुठल्याही उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जातो. कारखाना बंद करायला परवानगी लागण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यात १०० कामगार होती, ती ३०० वर गेली. मुदतीच्या नोकरीला राजमान्यता मिळाली. या संहितांचं समर्थन करणारे अर्थतज्ज्ञ मनाने बहुतेक लिबरल असतात आणि म्हणतात, कामगाराला निवडीचं स्वातंत्र्य मिळेल. निवडीचं कसलं ते मी मघाशीच सांगितलं, भाडेतारखेपर्यंतचं.

तुम्ही एचआरमध्ये आहात म्हणून एक गोष्ट तुमच्याच कामाची. तुमच्या पदाच्या नावात ‘मॅनेजर’ असेल, म्हणून तुम्ही कामगार नाही असं तुम्हाला जॉइन होताना सांगितलं असेल. कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. रजा मंजूर करायचा, माणूस घ्यायचा-काढायचा खरा अधिकार तुमच्याकडे आहे, की तुम्ही वरून आलेल्या ईमेलचा मजकूर पुढे पाठवता? याचं उत्तर तीन-चार सहकाऱ्यांबरोबर बसून काढा. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नको, आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढून तर अजिबात नको. पहिला स्क्रीनशॉट संध्याकाळच्या आत वर पोचतो. सात जण झालात की मला सांगा.